एका दोऱ्यात सात गोळ्या

मी पैसे मागितले असते तर पुढचा सगळा ताप वाचला असता. पण कोरोनाच्या त्या वर्षी मार्चपासून माझं मशीन झाकलेलंच होतं. हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये मी घरातूनच शिवणाचं काम करते. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, लग्नाचा ड्रेस कमरेत घ्यायचा, असली कामं. लोकांनी ऑफिसला जाणं बंद केलं, लग्नं पुढे ढकलली, आणि लॅपटॉपसमोर छातीपर्यंतचाच माणूस लागत असल्यामुळे पँटची लांबी कोण बघतो? मी घरातले पडदे दोनदा उसवून दोनदा शिवले होते. अशा वेळी दोन मुलं जिन्यात येऊन उभी राहिली. एक वरच्या पायरीवर, एक खाली, मध्ये नियमाप्रमाणे दीड मीटर.

वरचा पुण्याचा. विद्यापीठात पाण्याच्या व्यवस्थापनाचं शिकायला आलेला, आणि आता दिग्दर्शक झालेला. खालचा नाशिकचा, सहा फूट उंच, कसल्याशा यंत्रांवर पीएचडी करणारा. तो हिरो.

"काकू, सिनेमा करतोय," दिग्दर्शक म्हणाला. "अमेरिकेतले दरोडेखोर. एकोणीसशे तीसच्या आसपासची मंदी. बँका बुडतायत, शेतं जप्त होतायत, आणि दोघे भाऊ बँका लुटत सुटतात."

"इंग्रजीत?"

"मराठीत."

"अमेरिकेतले दरोडेखोर मराठीत?"

"हो काकू. आणि शूटिंग इथेच. कॅन्सस असंच सपाट आहे, मी बघितलंय."

"गेला होतास?"

"मॅपवर."

मी बजेट विचारलं. त्याने हिरोकडे पाहिलं, हिरोने जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. "बजेट म्हणजे काकू... तसं नाहीच."

ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्याशीच भाव नीट करावा, नाहीतर तो नंतर काहीही देतो आणि उपकार केल्यासारखा देतो. मी म्हटलं, "मग पैसे नकोत. नाव पाहिजे. शेवटी नावांची यादी येते ना, तिच्यात ‘वेशभूषा’ अशी वेगळी ओळ, आणि पुढे माझं नाव. एकटं. विशेष आभारांच्या घोळक्यात नको."

"काकू, अख्खा पडदा देतो."

"पडदा नको, ओळ दे. आणि काकू म्हणू नकोस. मी एक्केचाळीसची आहे."

"बरं काकू."

इथेच मला कळायला हवं होतं.

नावाचा हट्ट का, हे त्यांना सांगितलं नाही. इचलकरंजीत मी सात वर्षं एका टेलरिंगच्या दुकानासाठी ब्लाउज शिवले. माझ्या हातचे ब्लाउज घालून बायका माझ्या समोरून जायच्या आणि आत मानेपाशी त्या दुकानाचं लेबल असायचं. इकडे आल्यावर एका ड्राय-क्लीनरकडे मागच्या खोलीत बसले. तिथे कपड्यांना नंबर होते आणि मालकाला माझं नाव उच्चारता येत नाही म्हणून मलाही तो ‘मशीन दोन’ म्हणायचा. त्याच्याशी भांडून बाहेर पडले, घरात मशीन घातलं, डच शिकले, गिऱ्हाईक जोडलं. हे सगळं मी केलं, कुणी दिलं नाही. पण मी शिवलेल्या कुठल्याही कापडावर, कुठेही, माझं नाव कधी लागलेलं नव्हतं.

दुकानं पुन्हा उघडली तशी मी क्रिंगलोपमध्ये गेले. लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या वस्तू तिथे विकतात. हॉलंडमध्ये भाव करत नाहीत, असं आपले लोक एकमेकांना सांगत असतात. कोणी करत नाही म्हणून होत नाही, एवढंच. मी करते. मात्र त्या उन्हाळ्यात तिथे म्हाताऱ्या माणसांचे सूट फार आले होते, चांगले जाड लोकरीचे, खिशात घडी केलेला रुमाल तसाच. का आले होते ते काउंटरवरच्या बाईला माहीत होतं आणि मलाही. तोंड उघडायला मला जरा वेळ लागला. मग भाव केलाच, आणि पाच सूट घेऊन आले.

त्या काळातला कोट म्हणजे छातीवर रुंद कॉलर, समोर दोन रांगा बटणं, खांदे भरदार. पँट पोटाच्या वरपर्यंत, पुढे चुण्या, बेल्टऐवजी खांद्यांवरून गॅलिस. मी जुने फोटो पाहून पाहून कागद कापले. हिरोची मापं जुलैमध्ये घेतली. सप्टेंबरमध्ये तो फिटिंगला आला तेव्हा बटण आणि काज यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं.

"काय खाल्लंस?"

"काकू, घरात बसून काय करणार? रूममेटने भटुरे शिकून घेतले."

"मंदीतला दरोडेखोर आहेस तू. तुझं शेत गेलंय, बँकेने घर घेतलंय, आणि पोट बघ. हा बँक लुटायला नाही, बँकेत मॅनेजर म्हणून चाललाय."

दिग्दर्शक म्हणाला, "काकू, कोट थोडा ढिला करा ना."

"कापड कुठून आणू? तुझ्या कॅन्ससमधून?" शेवटी मी दुसऱ्या सूटच्या पाठीतून पट्टी काढून काखेखाली घातली. अशी, की हात वर केला तरच दिसेल. आणि मग दिग्दर्शकाला बजावलं की याचे हात वर होतील असा एकही प्रसंग लिहायचा नाही. दरोड्याच्या सिनेमात! पण त्याने ऐकलं. हा दरोडेखोर शेवटपर्यंत हात वर करत नाही, शरण जात नाही, याचं पुढे लोकांनी फार कौतुक केलं.

खरं भांडण मरणावरून झालं. शेवटी पोलीस धान्याच्या कोठाराबाहेर हिरोला घेरतात आणि सात गोळ्या घालतात. दिग्दर्शकाचा बेत असा की कोटाला सिगारेटने भोकं पाडायची आणि वर टोमॅटो केचप.

"लोकरीवर केचप?" मी ओरडले. आमचे अहो आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होते, त्यांनी दार लावून घेतलं. "कोट एक आहे. एकदाच मरणार का हा?"

"नाही काकू, तीन-चार टेक तर होतील."

"मग चार कोट आण."

मी कोट काढून घेतला आणि दोघांना घालवून दिलं. पण गोळ्या डोक्यातून जाईनात. दोन दिवस मी त्या कोटाकडे बघत होते. आपल्या कामात कच्चा टाका असतो. तो उसवण्यासाठीच घालतात. फिटिंग झालं की एक टोक धरून ओढायचं, सगळा टाका एका दमात निघून येतो. तिसऱ्या दिवशी मी मन घट्ट करून कोटाच्या छातीवर सात चिरा दिल्या, प्रत्येक काजाएवढी. प्रत्येकीच्या मागे लाल साटीनचा तुकडा लावला. चिरेच्या दोन्ही काठांना आतून बारीक इलॅस्टिक, म्हणजे मोकळी सोडली की तोंड उघडणार. मग साती चिरा एकाच लांब दोऱ्याने कच्च्या टाक्यात बंद केल्या आणि दोऱ्याचं टोक अस्तरातून बाहीत, बाहीतून हिरोच्या मुठीत. दुरून पाहिलं तर कोट अख्खा. मूठ खाली ओढली की फट फट फट, खालून वर सात तोंडं उघडून लाल दिसायचं. पुन्हा मरायचं असेल तर मी वीस मिनिटांत पुन्हा टाका घालणार.

आमच्या अहोंनी करून बघितलं. आरशासमोर मूठ ओढली आणि स्वतःच दचकले. "बाप रे," म्हणाले, "लागल्या की." आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या कामाला एवढी मोठी दाद त्याआधी दिलेली नव्हती.

कोठारही मीच मिळवून दिलं. मुलं एका डच शेतकऱ्याला ईमेल लिहीत बसली होती. मी सायकलवरून गेले, चहा घेतला, त्याच्या बैठकीचे पडदे जमिनीवर लोळताना पाहिले, आणि चार पडद्यांच्या बदल्यात एक दिवस कोठार ठरवून आले.

शूटिंगच्या दिवशी सकाळी धुकं होतं, त्यामुळे लांबच्या पवनचक्क्या दिसत नव्हत्या आणि दिग्दर्शक हरखला होता. रुमाल बांधलेले दोन दरोडेखोर, लाकडी बंदुका घेतलेले तीन पोलीस. तेवढ्यात खेमेंटेचे म्हणजे नगरपालिकेचे दोन गणवेशवाले सायकलवरून आले. मुलांची भाषा इंग्रजी, त्यातही घाबरली की मराठी. मी पुढे झाले. गणवेशवालीने तोंड झाकलेल्या, बंदूकधारी माणसांकडे शांतपणे पाहिलं आणि विचारलं, हे दोघे इतके जवळ का उभे आहेत? एका घरातले आहेत का?

"भाऊ आहेत," मी म्हटलं. सिनेमात होतेच.

पहिल्या टेकला चारच गोळ्या लागल्या. हिरो छाती धरून कोसळला आणि चिखलात पडल्या पडल्या ओरडला, "काकू, तीन अडकल्या!" मी त्याला उठवला आणि उभ्या उभ्या पुन्हा टाका घातला. थंडीने बोटं वाकत नव्हती. दुसऱ्या टेकला सगळ्या लागल्या, पण त्याच क्षणी एक आजोबा घंटी वाजवत कॅन्ससच्या मधून सायकलने गेले आणि मरणाऱ्याला त्यांनी हात केला. हिरोनेही सवयीने हात केला. पुन्हा टाका. तिसऱ्या वेळी त्याने मूठ ओढली, धुक्यात ती सात लाल तोंडं एकामागून एक उघडली. मग टाळ्या झाल्या. सगळे हिरोला उचलून घ्यायला निघाले, दीड मीटर आठवलं, आणि लांबूनच ओरडले.

सिनेमा जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी दाखवला. सगळं बंद होतं म्हणून व्हिडिओ कॉलवरच, चाळीसेक चौकटींमध्ये. एनस्खेडे गावात शिकणारी मराठी मुलं होती, मास्ट्रिख्टचं एक जोडपं होतं, पुण्या-नाशिकहून मुलांचे आईवडील होते. मी साडी नेसून बसले होते. हसायचं तर हसा. गोळ्या लागल्या तेव्हा कुणीतरी आई गं म्हणालं. सिनेमा संपल्यावर मास्ट्रिख्टच्या बाईंनी विचारलं, "गोळ्यांचा इफेक्ट फारच छान, कसा केलात?"

दिग्दर्शक हसला. "टीमवर्क."

मी बोलणार होते, पण नावांची यादी वर सरकायला लागली होती. कथा, पटकथा, संकलन, दिग्दर्शन असं त्याचं नाव चार वेळा, आडनावासकट, मधल्या नावासकट. हिरोचं नाव. पोलिसांची नावं. स्पेशल इफेक्ट्समध्ये पुन्हा दिग्दर्शक आणि हिरो. मग शेतकरी, त्याचं पूर्ण नाव. त्याच्या कुत्र्याचं नाव. आणि खाली:

कपडे: काकू.

मी लॅपटॉप बंद केला. अहो म्हणाले, "अगं, आलं की तुझं."

"माझं?" मी म्हटलं. "कुत्र्याचं आलंय. माझं कुठे आलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. "माझी ओळ कुठे आहे?"

"काकू, आहे ना. कपडे म्हणून..."

"काय ठरलं होतं? वेशभूषा. नाव. काकू हे नाव आहे? माझ्या बारशाला काकू ठेवलं होतं? साठ वर्षांच्या प्रोफेसराला तुम्ही नावाने हाक मारता, त्याच्या खांद्यावर हात टाकता, आणि मी काकू. मशीन दोन परवडलं, निदान त्यात कामाचा उल्लेख होता."

"काय दोन?"

"काही नाही. आणि गोळ्या कुणी केल्या? तुला अस्तर आणि साटीन यातला फरक कळतो का? टीमवर्क म्हणे. माझ्या बोटांना तू विचार किती टीम होती."

तो हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगू? यादी करताना मी शोधलं. माझ्या फोनमध्ये तुम्ही ‘शिवण काकू’ आहात. हिरोच्या फोनमध्ये नुसतंच काकू. ग्रुपवर तुमच्या शिवणाच्या धंद्याचं नाव दिसतं. आम्ही सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. आणि सहा महिने झाल्यावर तुम्हाला नाव काय विचारायचं, म्हणजे... लाज वाटली."

हे खोटं नव्हतं. मी नाव सांगितलंच नव्हतं. ठरवताना ओळ मागितली, नाव मागितलं, एकटं मागितलं, पण कुठलं ते सांगितलं नाही. इतकी वर्षं भाव करतेय आणि मालाचं नाव सांगायला विसरले.

"चूक झाली," तो म्हणाला. "एका महोत्सवाला फाइल पाठवलीय, पण आज संध्याकाळी सहापर्यंत बदलता येते. सांगा काकू, आत्ता टाकतो. नाव सांगा."

मी तासाभराच्या भांडणाची तयारी करून बसले होते आणि हा पाच मिनिटांत कबूल झाला. "करते फोन," म्हटलं आणि ठेवला.

कारण नाव कुठलं? लग्नात माझं नाव बदललं. आडनाव बदलतं तसंच पहिलंही. ताटात तांदूळ पसरले आणि त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. एकोणीस वर्षं घरात मी तीच. पण इथल्या खेमेंटेने जन्मदाखला मागितला, त्यावर माहेरचं नाव. पासपोर्टवर सासरचं. त्या खिडकीतली बाई दोन्ही कागद समोर ठेवून मला फार सभ्यपणे विचारत होती, की या दोन बायकांपैकी आज कोण आली आहे? प्रतिज्ञापत्रं करून शेवटी नोंद जन्मदाखल्याप्रमाणे झाली. तेव्हापासून टॅक्सची पत्रं एका बाईला येतात आणि सासूबाईंचे फोन दुसरीला.

मी आतल्या खोलीत गेले. अहोंनी माइक बंद केला. सांगितलं तर म्हणाले, "यात काय विचारायचं? आमचं लाव. छान आहे की, मी ठेवलंय."

"तुम्ही कुठे ठेवलंत? तुमच्या आत्याने ठेवलं. तुम्ही फक्त तांदळात लिहिलंत, तेही वेलांटी चुकवून."

"बरं बाई, तुझं तू बघ. मला क्लायंट थांबलाय."

मी मशीनपाशी बसले. दुपार गेली. हिशेब साधा होता खरं तर. सासरच्या नावानं मला घर दिलं, हा देश दाखवला, कुंकू लावताना आरशात तेच नाव समोर असतं. त्याच्यावर माझा राग नाही. पण कच्चा टाका मी नववीत असताना शिवणाच्या वर्गात शिकले. तिथे हजेरी घ्यायचे, आणि ज्या नावाला मी ‘हजर’ म्हणायचे ते ताटातलं नव्हतं. टाका जी शिकली तिची ओळ. पाच वाजून गेल्यावर मी फोन लावला.

"दोन ओळी," मी म्हटलं.

"दोन?"

"वेशभूषा एक. गोळ्या दुसरी. दोन्हीपुढे एकच नाव. स्पेशल इफेक्ट्समधून तू आणि तो बाहेर."

"काकू, गोळ्या अशी ओळ कुठल्याच सिनेमात नसते."

"मग या सिनेमात असेल."

तो थोडा कुरकुरला, मग हो म्हणाला. मी नाव सांगितलं, पहिलं, वडिलांचं, आडनाव. त्याने लिहून घेतलं, परत वाचलं आणि विचारलं, "काकू, या कोण?"

"तू लिही."

सहाला दहा मिनिटं असताना त्याने पडद्याचा फोटो पाठवला. बरोबर होतं. वेलांट्याही तपासल्या.

महोत्सवात सिनेमाला काही मिळालं नाही, पण नंतर मुलांनी तो सगळ्यांना बघायला खुला केला आणि अहोंनी मला न विचारता इचलकरंजीला आपल्या आईला पाठवून दिला. पुढच्याच दिवशी सासूबाईंचा फोन आला. आवाज चढलेला. वाद घालायचा असला की त्यांचा आवाज माझ्यासारखाच चढतो, हे मी कुणापाशी कबूल करत नाही.

"काय गं, किती राबलीस तू त्या पोरांसाठी! हा सांगत होता, थंडीत बोटं गेली तुझी. आणि नाव त्या दुसरीचं? दोन-दोन वेळा? मी चष्मा लावून नीट बघितलं. तुझं कुठ्ठेच नाही! कोण आहे ती बया? तू भांडली कशी नाहीस?"

"आई, भांडले."

"मग?"

"ती मीच. माझं माहेरचं नाव आहे ते."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा, मग चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. त्या सिनेमाचा शेवट पुन्हा लावत होत्या. बंदुका वाजल्या, संगीत आलं, ते संपलं. मग सासूबाईंनी ते नाव मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर सोडवत, पत्रिकेतलं अनोळखी नाव वाचावं तसं. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"हे होय," त्या म्हणाल्या. "विसरलेच होते मी. अगदीच साधं आहे गं. आम्ही ठेवलेलं कितीतरी चांगलं."

"असू दे आई," मी म्हटलं. "ते तुम्ही घरात वापरा."